मुलांची पेटी

"बाबा, तुमचा स्वतःचा सूर कोणता हो?"

विचारून झाल्यावर तिनं जीभ चावली. पण आता काय उपयोग? बांधापलीकडे तिच्या मैत्रिणी, सुतळी आणि ढब्बू, तोंडात ओढण्या कोंबून हसत बसल्या होत्या. पैजच तशी लागली होती. अख्ख्या गावाला सूर वाटत फिरणाऱ्या माणसाला त्याचा स्वतःचा सूर विचारायचा, आणि तोही तो गुडघाभर चिखलात उभा असताना. विचारला तर वर्ष संपेपर्यंत तिचं दप्तर त्या दोघी उचलणार. नाही विचारला तर दोघींची दप्तरं हिच्या खांद्यावर.

बाबांचा विळा थांबला. कमरेवर हात ठेवून ते सरळ झाले. म्हणजे अर्धेच सरळ झाले, कारण पूर्ण सरळ व्हायचं त्यांच्या कमरेनं कधीच सोडून दिलं होतं.

"माझा?" आवाज नेहमीसारखाच खरखरीत, गंजलेल्या बिजागरीसारखा. "मी भाता. भात्याला कुठला आलाय सूर?"

"हे काय उत्तर झालं?"

"मग तो तरी काय प्रश्न झाला? हात चालव. आणि त्या बांधामागच्या दोन म्हशींना सांग, हसायचं तर मोठ्यानं हसा. तळ्याला तेवढीच सोबत."

तळं कसलं, नावाचंच तळं उरलं होतं. आधी पाणी बांधाला लागून असायचं आणि पाणकणीस माणसाच्या डोक्यावरून जायचं. आता पाणी पार मधोमध जाऊन बसलं होतं, ताटात उरलेल्या आमटीसारखं, आणि त्याच्या कडेनं वीतभर उंचीची पिवळी पाती उभी होती. तीच कापायची, वाळवायची, भिजवून पुन्हा मऊ करायची आणि चटया विणायच्या. गावाचा धंदाच तो. घरोघरी जमिनीवर ताणे ताणलेले आणि त्यांच्यासमोर कुणीतरी उकिडवं बसलेलं. बाबा पहाटे आईबरोबर कापणीला यायचे, मग हातपाय धुऊन, इस्त्री नसलेला पण घडी मोडलेला नाही असा शर्ट घालून शाळेत जायचे. प्राथमिक शाळेत ते गाण्याचे मास्तर होते.

"अगं, बोलत काय बसलीस बापाशी?" आई पलीकडून ओरडली. तिचा उजवा तळहात फडक्यानं बांधलेला होता. पात्याची कड सुरीसारखी लागते, आणि आखूड पाती मुळाशी धरून कापावी लागतात, म्हणजे हात चिखलात आणि चिखल जखमेत. "ऊन चढायच्या आत भारा झाला पाहिजे. गाणी नंतर."

ती खाली वाकली, पण मान वळवून तिनं बांधाकडे जीभ काढून दाखवली. दप्तर वर्षभराचं सुटलं होतं!

शाळेत एकेकाळी खरी पेटी होती. तिचा भाता उंदरांनी खाल्ला, लाकूड वाळवीनं, आणि उरलेलं खोकं मोठ्या बाईंनी खडू ठेवायला घेतलं. बाबा नोकरीला लागले ते या खोक्यावर. नवी पेटी येणार, येणार म्हणून त्यांनी वाट पाहिली, आणि एक दिवस पोरांनाच ओळीनं उभं केलं. तू सा, तू रे, तू ग. हातात पाणकणसाचा वाळलेला दांडा घेतला. दांडा ज्याच्याकडे वळेल त्यानं आपला एकच सूर लावायचा, दांडा पुढे गेला की गप्प. आख्खं गाणं कुणालाच यायचं नाही, पण सगळे मिळून ते गायचे. ही पेटी नाक ओढायची, चिमटे काढायची, ऐन रंगात आलेली असताना "सर, जाऊ का बाहेर?" म्हणून करंगळी वर करायची. पण लागली की अशी लागायची, की रस्त्यानं जाणारा सायकलवरून उतरून कुंपणाला टेकायचा.

गावात पोरं भरपूर होती तेव्हा बाराही सूर उभे असायचे. ज्याचा जो सूर तेच त्याचं नाव होऊन बसायचं. ट्रॅक्टरवाला तो मिशाळ दांडगोबा, कुत्रीसुद्धा ज्याला वाट सोडतात, त्याला अजून लोक 'कोमल' म्हणतात, कारण लहानपणी त्याच्या वाट्याला कोमल ग आला होता. आता साताचं सप्तक उभं करतानाच बाबांची दमछाक व्हायची.

चौथी सुटली की सूर द्यायचा. त्याचीही रीत बाबांनीच घातलेली. जाणाऱ्यानं नव्या पोराच्या मागे उभं राहायचं, त्याच्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध पंजा ठेवायचा आणि आपला सूर लावत राहायचं. समोरच्याच्या पाठीतून तोच सूर आपल्या हाताला लागला की हात काढून घ्यायचा. मग तो सूर आपला नाही. आणि असा हातानं दिल्याशिवाय कुणाचा सूर दुसऱ्या कुणाला मिळत नाही. सुतळीनं आपला म शेजारच्या विणकराच्या पोरीला दिला होता, ढब्बूनं आपला नी त्याच पोरीच्या शेंबड्या भावाला.

तिला मात्र आपला पंचम द्यायला कुणी मिळालंच नव्हतं. होडीवाल्याच्या धाकटीला बाबांनी करून पाहिलं, पण तिचे पुढचे दात पडलेले. सूर लावला की फुसकन हवाच बाहेर यायची, आणि मग स्वतःच्याच फुसफुशीला हसून हसून ती खाली बसायची. "अजून पिकू दे," बाबा म्हणाले. म्हणून नववीतली ही घोडी रोज हायस्कूलला जाण्याआधी बारक्या पोरांच्या ओळीत उभी राहायची, पंचम लावायची आणि दप्तर सावरत पळत सुटायची. आधी तिला लाज वाटायची. यंदा वाटेनाशी झाली होती. यंदा तिला कशाचीच लाज वाटत नव्हती. वर्गात बाकावर उभं राहून तिनं गणिताच्या मास्तरांची नक्कल केली होती, आणि दारात खुद्द मास्तर उभे असतानाही ती पुरी करून मगच खाली उतरली होती.

त्या सकाळीही ती ओळीत जाऊन उभी राहिली. बाबांनी दांडा उचलला. सा, रे, ग. मग दांडा म च्या जागेकडे वळला. तिथं कुणी नव्हतं. दांडा तिथं एक सूर होईल एवढा थांबला, पोरांनी तेवढा वेळ श्वास धरला, आणि दांडा पुढे तिच्याकडे आला. तिनं पंचम लावला. ध लागला. मग पुन्हा मोकळी जागा, नी ची.

शेजारचा विणकर बायकापोरांसकट एका पहाटे ट्रकमध्ये बसून वीटभट्ट्यांवर निघून गेला होता. जाताना त्याच्या बायकोनं आपली विणायची लाकडी फणी आईच्या हातात दिली. "जपून ठेवा. एका हंगामाचं तर आहे," म्हणाली. एका हंगामासाठी कुणी पोरांना सूर द्यायला लावतं का? पोरं झोपेतच उचलून ट्रकमध्ये टाकली होती. हंगाम सरला, दुसरा आला. फणी अजून आईच्या खुंटीला टांगलेली होती.

तेव्हापासून गाण्याला भोकं पडली ती पडलीच. पोरांना त्याची सवय झाली होती. रस्त्यानं जाणारे मात्र आता सायकलवरून उतरत नव्हते.

चटयांचा व्यापारी आला तेव्हा ती घरीच होती. हा माणूस मोजपट्टी वापरत नसे. चटई अंगणात पसरायची आणि हा बूट काढून वर आडवा व्हायचा, डोकं एका कडेला लावून. पाय आत राहिले तर चटई पास.

पहिल्या चटईवर तो झोपला. त्याच्या टाचा मातीत गेल्या. दुसरीवर झोपला, तर पोटऱ्यांपासून पुढे बाहेर. जमलेली माणसं हसायला लागली, तसा तो आणखीच चढला. पाय हलवून दाखवत म्हणाला, "काय हो मास्तरीणबाई, माझी उंची वाढली की काय एवढ्यात?"

"पातीच आखूड आहेत यंदा," आई म्हणाली. "जोडून विणली तर गाठी येतात, तेही तुम्हाला चालत नाही."

"मग काय पाय कापून ठेवू? ही चटई नव्हे, पायपुसणं आहे. पायपुसण्याच्या भावात देणार असाल तर बोला."

 आईनं बांधलेला हात पदराखाली घेतला. तो माणूस अजून आडवाच होता, आकाशाकडे बघत, एखाद्या राजासारखा. लेकीच्या मनात आलं की त्याला चटईसकट गुंडाळावं आणि बांधावरून ढकलून द्यावं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपून बघा ना. घरी काकू तसंच झोपवतात म्हणे तुम्हाला."

माणसं आता त्याला हसली. तो ताडकन उठला, बूट घातले, आणि एकही चटई न उचलता निघून गेला.

माणसं पांगली. आईनं चटया डाव्या हातानं गुंडाळायला घेतल्या. "बरं वाटलं?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं. "पायपुसण्याच्या भावात का होईना, नेत होता तो."

त्याच संध्याकाळी मोठ्या बाई घरी आल्या. त्या कधी कुणाच्या घरी जात नसत, म्हणून आईनं घाईघाईत त्यातलीच एक चटई अंथरली. मोठ्या बाई बसल्या. त्या ठेंगण्या, त्यांना ती पुरली.

"मास्तर, तपासणीचे साहेब येताहेत पुढच्या आठवड्यात," बाई म्हणाल्या. "पोरं कमी झाली, गाण्याचा तास हवाय कशाला, असं वर चाललंय. मी भांडले हो त्यांच्याशी. म्हटलं, एकदा ऐका आमची पेटी. तर म्हणाले, ठीक, गाणं पुरं ऐकवलं तर तास राहील. नाही तर तास बंद, आणि तुम्हाला धान्याच्या गोदामावर पाठवणार. तिथं पोती शिवायला माणूस हवाय."

"ऐकवू की," बाबा म्हणाले.

"पुरं, मास्तर. मध्ये मध्ये थांबून नव्हे. साहेबांना कसं कळणार तुम्ही कशासाठी थांबता ते? दोन पोरं उचला नि उभी करा त्या जागांवर. म आणि नी. एवढंच तर करायचंय."

"त्यांनी दिला नाही ना कुणाला."

"अहो, ती पोरं विटा उचलताहेत तिकडं! आठवण तरी असेल का त्यांना?"

"परत आली आणि ओळीत दुसरंच कुणी उभं असलं, तर कुठं उभी राहतील?" बाबा बोलले. हे ते भांडून म्हणत नव्हते. हिशेब चुकलेल्या मुलाला समजावतात तसं हळूच म्हणत होते.

मोठ्या बाईंनी आईकडे पाहिलं. आईनं लेकीकडे पाहिलं. तिनं आढ्याकडे पाहिलं.

"आणि हिला उभी करू नका हं त्या दिवशी," जाता जाता बाई म्हणाल्या. "ही पटावर नाही आपल्या. साहेब चावतील."

म्हणजे पंचमही गेला.

"बाबा असे का गं?" बाई गेल्यावर तिनं आईला विचारलं. ती आईच्या हातावरचं फडकं सोडत होती. जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि अंगठ्याचा उंचवटा टरारला होता. "दोन पोरं उभी केली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"हळू सोड." आईनं दात आवळले. "तुझे बाबा लहानपणी भट्टीवर गेले होते. आईबापाबरोबर. परत आले, शाळेत गेले, तर त्यांच्या जागेवर दुसरा बसलेला. मास्तर म्हणाले, तू कोण? मग वर्षभर दाराबाहेर पायरीवर बसून शिकले. भट्टीच्या धुरानं घसा गेला तो तेव्हाच. गाणारं पोर होतं म्हणतात."

लेकीनं सोडलेलं फडकं उकळत्या पाण्यात टाकलं आणि बराच वेळ ढवळत राहिली.

बेत तिचाच. सुतळी भित्री, ढब्बू आळशी, त्यामुळे बेत नेहमी तिचाच असायचा.

"गाण्याच्या वर्गाला मागं खिडकी आहे," ती म्हणाली. "खिडकीखाली भारे रचलेत. आपण भाऱ्यांमागं बसायचं. दांडा मोकळ्या जागेवर आला की सुतळी म लावेल, ढब्बू नी, आणि मी पंचम. साहेबाला आवाज ऐकू येईल, कोण गातंय ते कशाला बघतोय तो?"

"पण मी दिलाय माझा," सुतळी म्हणाली. "दिलेला परत लावायचा नसतो."

"हे बघ, ती म वापरत नाहीये सध्या. उसना घे."

"आणि सर?"

"सरांना नाही सांगायचं. सांगितलं तर नाही म्हणतील. नंतर खूश होतील बघ. तास वाचला म्हटल्यावर कोण रागावतं?"

ढब्बू म्हणाली, "माझा आवाज फुटलाय आता. म्हशीसारखा येतो."

"म्हैस तर म्हैस, सुरात ओरड म्हणजे झालं!"

बांधावर जाऊन त्यांनी तालीम केली. म्हैस सुरात ओरडली. तिघी एवढ्या हसल्या की ढब्बूला उचकी लागली. तास वाचला असंच तिला वाटत होतं. बाबांना वर्गाबाहेर काढून ती सांगणार होती, बाबा, आम्हीच होतो. त्यांचा चेहरा कसा होईल तेही तिनं मनात करून पाहिलं होतं.

साहेब आले ते घामाघूम होऊन. उन्हं मी म्हणत होती. माणूस वाईट नव्हता. आल्याबरोबर पाणी मागितलं, एका पोराच्या डोक्यावर हात ठेवला, खुर्चीत बसून वहीनं वारा घेऊ लागला. भाऱ्यांच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि विळ्यानं चिरलेल्या बोटांना हळद लावलेली होती. ओळीत पोरं उभी होती. आपापल्या जागी. आणि मधल्या मोकळ्या जागा, तोंडातल्या पडलेल्या दातांसारख्या.

बाबांनी दांडा उचलला.

सा. रे. ग.

दांडा म च्या जागेवर आला, आणि सुतळीनं सूर लावला.

काय लागला होता! भित्री सुतळी डोळे गच्च मिटून बसली होती आणि सूर खिडकीतून सरळ आत गेला. बाबांची मान झटकन वर झाली. पण दांडा सवयीनं पुढे सरकला, आणि तिनं पंचम दिला. ध लागला. मग नी, आणि ढब्बूनंही घात केला नाही. कितीतरी दिवसांनी गाणं सलग झालं. पोरं बावरून इकडेतिकडे बघायला लागली, पण गायची थांबली नाहीत. साहेबाचा वहीचा वारा थांबला.

आणि बाबा वळले.

ते दाराकडे वळले. दांडा हातातून पडला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं कधीच पाहिलं नव्हतं, मनात केलेल्या चेहऱ्यातही नव्हतं. ते हात पुढे करून दाराकडे चालत गेले, उंबऱ्याशी थांबले, बाहेर रस्ता पाहिला. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग ते खिडकीकडे आले आणि वाकून त्यांनी खाली बघितलं.

खाली त्या तिघी होत्या. डोक्यावर पाणकणसाचा कापूस.

ढब्बूला उचकी लागली.

"काय आहे तिकडं?" साहेब उठून आले. त्यांनीही वाकून पाहिलं. "अच्छा! असं आहे होय."

"साहेब, आमचं आम्हीच ठरवलं," ती उभी राहून म्हणाली. "बाबांना काही माहीत नव्हतं. शप्पथ."

"बाबांना? ही कोण, मास्तर?"

"माझी मुलगी," बाबा म्हणाले.

"म्हणजे झालंच की." साहेब परत खुर्चीकडे गेले, पण बसले नाहीत. वही काखेत घातली. चिडलेही नाहीत, नुसते थकलेले दिसले. "पटावरची पोरं दाखवायची तर भिंतीआड मोठ्या मुली बसवल्यात. पोरं आहेत तेवढीच दाखवली असती, थोडं कमी-जास्त गायली असती, तर मी काहीतरी लिहिलं असतं हो. पण हे असं?"

मोठ्या बाई काहीतरी सांगायला गेल्या. बाबा अजून खिडकीशीच होते. ओळीतली पोरं अजून आपापल्या जागी उभी होती. दांडा कुणीच उचलला नव्हता.

घरी जाताना ती त्यांच्या मागून चालत होती. ओरडतील, एक ठेवून देतील, निदान बेअक्कल तरी म्हणतील. बांधापाशी ते थांबले. वळले नाहीत.

"मला वाटलं, आले," ते म्हणाले, आणि पुढे चालायला लागले.

गोदाम रस्त्याच्या कडेलाच होतं, त्यामुळे हायस्कूलला जाता-येता ती त्यांना बघायची. दारात उकिडवं बसून बाबा पोत्यांची तोंडं शिवायचे, दाभणीनं. गोणपाटाची धूळ पापण्यांवर, नाकपुडीत, छातीत. आधीच घसा तसा, आता रात्रंदिवस खोकायला लागले. तोलाईवाला त्यांना 'ए गवई' म्हणून हाक मारायचा. सुरुवातीला चिडवायला. मग तेच नाव झालं.

एकदा मधल्या सुट्टीत प्राथमिकची पोरं गोदामावर आली. कुणी सांगितलं नव्हतं. ती दारासमोर येऊन उन्हात उभी राहिली, ओळीनं, म आणि नी ची जागा सोडून. आता तिचीही जागा सोडलेली होती.  नुसती बघत राहिली.

बाबांनी मान वर केली नाही. दाभण आत गेली, बाहेर आली. आत गेली, बाहेर आली.

"हे काय, रेशन मिळतंय का इथं?" तोलाईवाला खेकसला. "पळा!"

पोरं पळाली. होडीवाल्याची धाकटी तेवढी मागे राहिली होती, तिला बाबांनी हातानंच 'जा' म्हणून खूण केली. बाबांची लेक रस्त्याच्या पलीकडून हे बघत होती. एवढी तोंडाळ ती, व्यापाऱ्याला न भिणारी, पण तिथं उभी राहून तिला तोलाईवाल्याला सांगण्यासारखं एक वाक्य सुचलं नाही.

आईचा हात कोपरापर्यंत सुजला. दवाखान्यात हाताला चीर देऊन घाण काढली, आणि डॉक्टर म्हणाला, बोटं वाचली हेच नशीब, पण मिटायची नाहीत. आईनं मान हलवली. घरी आल्यावर तिनं खुंटीवरची शेजारणीची फणी काढली, बोटांत धरून पाहिली. फणी खाली पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. मग तिनं ती पुसून परत खुंटीला लावली. कापणीला आता लेक एकटीच जायची, आणि कापायला राहिलं होतं ते गुरांनीही तोंड लावू नये असं.

भट्ट्यांसाठी माणसं न्यायला मुकादम आला तसा गावात ट्रकचा आवाज घुमायला लागला. चौकात तो खाटेवर बसून माणसं निवडायचा. हाताचे तळवे बघायचा, दंड चाचपायचा. तिच्या तळव्यांकडे पाहून तो म्हणाला, "मास्तरांची ना तू? शाळेत जाणारी दिसतेस."

"जायचे," ती म्हणाली. "विळा त्याआधीपासून चालवते. आणि तोंड तर त्याहून जास्त चालतं, विचारा कुणालाही."

मुकादम हसला. "तोंडाचं काम नाही तिकडं. हात बघू पुन्हा."

तिनं पुन्हा दाखवले.

होडीवाल्याची होडी चिखलात कलती पडली होती, पूर्वी पाणी जिथं असायचं तिथंच, आणि तिच्या फळ्यांना उन्हानं भेगा गेल्या होत्या. धाकटी आतच खेळत होती. तिचे दात आले होते, नवे, तोंडापेक्षा मोठे.

"ए, चल, उभी राहा," ती म्हणाली. "पाठ कर माझ्याकडं."

"का गं ताई?"

"सूर द्यायचाय."

"पण तास तर बंद झाला."

"तुला तासाचं काय करायचंय? पाठ कर."

धाकटी वळली. तिनं तिच्या पाठीवर पंजा ठेवला. केवढीशी ती पाठ, पंजाखाली मावून गेली. तिनं पंचम लावला. धाकटीनं लावला तो ग वर घसरला. पुन्हा. पुन्हा घसरला. धाकटी हसायला लागली, आणि तिला वाटलं, आता ही खाली बसणार. पण बसली नाही. ताईचा हात गरम लागला म्हणून असेल, किंवा ताई हसत नव्हती म्हणून असेल. पोरगी ताठ झाली, श्वास घेतला, आणि लावला.

हाताला लागला. तळव्यात, मनगटात, कोपरापर्यंत लागला. तिनं हात लगेच काढायला हवा होता. थोडा वेळ तिनं तो तसाच राहू दिला. मग काढला.

"आता हा तुझा," ती म्हणाली.

"मग तुझा कुठला?" धाकटीनं विचारलं.

ती होडीतून उडी मारून उतरली आणि पायाचा चिखल झटकायला लागली.

घरी आई चुलीशी होती, उजवा हात मांडीवर ठेवून डाव्यानं ढवळत. बाबा दाभणीनं टोचलेली बोटं कोमट पाण्यात बुडवून बसले होते.

"कुठं होतीस इतका वेळ?" आईनं विचारलं.

"होडीत." ती दाराशीच उभी राहिली. आत यायच्या आधीच बोलून टाकायचं असं तिनं ठरवलं होतं. "पंचम देऊन आले."

बाबांची बोटं पाण्यात थांबली.

"कुणाला?"

"धाकटीला. लागला तिचा. हाताला लागला बाबा, अगदी नीट."

"आता कशाला दिलास?" आई म्हणाली. "तास नाही, काही नाही, लावणार कुठं ती पोर?"

 बाबा तिच्या पायांकडे बघत होते. सूर कोण देतं, कधी देतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"मुकादमाशी बोलले मी," ती म्हणाली. आवाज चांगला खणखणीत निघाला, वर्गात निघायचा तसा, आणि मग तो थांबवायची तिला भीतीच वाटली. "परवाच्या ट्रकनं जातेय. एकटी नाही काही, सुतळीची आई आहे, कोमलदादाची बायको आहे. दप्तर ढब्बूकडं टाकून आले, नाहीतरी वर्षभर तीच उचलणार होती. म आणि नी कुठल्या भट्टीवर आहेत ते मुकादमाला ठाऊक आहे म्हणे, भेटले तर सांगेन जागा आहेत म्हणून. आई, ती फणी दे, मी नेते त्यांची त्यांना. असं काय बघताय दोघं माझ्याकडं? एका हंगामाचं तर आहे."